यंत्राचा आणा आणि माणसाचा पैसा

पैशाचा हिशेब चोख असावा, याविषयी कोणाचे दुमत नाही. अडचण येते ती पुढे. हिशेब चोख राहण्यासाठी आकडा कोणत्या भाषेत लिहावा, आणि ज्याच्या हाती तो द्यायचा त्याला ती भाषा पुरती येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. आज आपला हिशेब माणसाच्या हाती फारसा राहिलेला नाही. वाण्याचे बिल, बँकेचे व्याज, विजेची आकारणी, पालिकेची करपावती, या सर्वांमागे संगणक आहे. संगणकाला आज्ञा देण्यासाठी माणसाने ज्या भाषा रचल्या, त्या भाषांत 'दहा पैसे' हा साधा आकडा जसाच्या तसा लिहिता येतो काय? अनेक भाषांत तो येत नाही, असे उत्तर दिले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तो का येत नाही, तो यावा म्हणून काय करावे लागते, आणि ते करताना कोणते पेच पडतात, हे पाहण्याचा आमचा येथे हेतू आहे. घोडबंदरच्या नावातच बंदर आहे. आणि बंदर म्हटले की माप आणि मोल ही आलीच. तेव्हा हा विषय येथील श्रोत्यांना अगदीच परका वाटू नये.

आरंभ आपल्याच भाषेपासून करू. मराठीत 'दीड' हा एक शब्द आहे. 'अडीच' हाही एकच शब्द आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, औट, ही सर्व आपल्या भाषेने अपूर्णांकांना दिलेली स्वतंत्र नावे आहेत. पूर्वी शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकीत, ती याच अपूर्णांकांची. दीड म्हणताना आपण 'एक आणि त्यात एकाचा दुसरा हिस्सा मिळवा' अशी बेरीज सांगत नाही. ती संख्या आपण सरळ उच्चारतो. रेती विकणारा 'दीड ब्रास' म्हणतो, तेव्हा घेणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. संगणकाच्या भाषेतही अशी सोय असते. आज्ञांच्या ओघात जी संख्या सरळ आकड्यांत लिहिली जाते, तिला 'लिटरल' म्हणतात. आपण तिला 'लिखितांक' म्हणू. ज्या राशीला लिखितांक आहे, ती राशी त्या भाषेच्या घरची. जिला नाही, ती पाहुणी. एवढा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

आता या नावांकडे नीट पहा. पाव म्हणजे अर्ध्याचे अर्धे. पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव. सारा कारभार अर्धे-अर्धे करण्याचा आहे. जुने नाणेही याच रीतीने चाले. रुपयाचे अर्धे ती अधेली, तिचे अर्धे ती पावली, तिचे अर्धे ती चवली, आणि चवलीचे अर्धे तो आणा. आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. सोळाची ही आवड फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५०च्या सुमाराच्या 'लीलावती'त आरंभीच नाण्यांची कोष्टके आहेत. त्यांत १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क सांगितला आहे. जुन्या वह्यांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर रुपयांपुढे उभ्या रेघा काढून पाव, अर्धा, पाऊण दाखवीत, आणि आण्यांसाठी निराळ्या लहान रेघा असत. '१॥ रुपया' असे छापले की दीड रुपया. हाही एक लिखितांकच होय. सोळा हा आकडा हिशेबाला सोयीचा होता, कारण तो चार वेळा निम्मा केला तरी काहीच उरत नाही. 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार उगीच पडलेला नाही.

ही व्यवस्था १ एप्रिल १९५७ रोजी बदलली. १९५५ साली नाणेविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली होती, तिच्या अन्वये त्या दिवसापासून रुपयाचे १०० भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या भागाला 'नवा पैसा' म्हणत. १ जून १९६४ पासून 'नवा' हे विशेषण गळाले. संक्रमणाच्या काळात दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरत होती, आणि तेथे एक गमतीची अडचण उभी राहिली. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात. पण सव्वासहा पैशांचे नाणे नाही. म्हणून नियम असा केला की, जवळचा पुरा पैसा धरावा, आणि दोन्ही बाजू सारख्याच जवळ असतील तर खालचा धरावा. त्या नियमाने एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे आले. आता कोणी १६ आणे एकेक करून मोडले, तर त्याच्या हाती ९६च पैसे पडत. ४ पैसे कोठे गेले? कोणी चोरले नाहीत. ते दोन मापांच्या सांध्यात सांडले. १६ आणे एकदम मोडले तर मात्र पुरते शंभर. रक्कम तीच, नियम तोच. केवळ मोडण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलले. वाचकांनी हे उदाहरण मनात ठेवावे, कारण संगणकात रोज हेच घडते. फक्त उलट्या दिशेने.

संगणकाला दोनच खुणा कळतात, शून्य आणि एक. विजेचा दाब आहे किंवा नाही, एवढ्यावर त्याचा सारा व्यवहार. म्हणून त्याची मोजणी द्विमान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत १९६०च्या सुमारास उभारलेला 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात घडलेला आरंभीचा संगणक असाच द्विमान होता. त्याची प्रत्येक राशी ४० द्विमान अंकांची असे. दशमान पद्धतीत बिंदूच्या उजवीकडची घरे दशांश, शतांश, सहस्रांश अशी असतात. द्विमान पद्धतीत तीच घरे अर्धा, पाव, अर्धपाव, आणि मग सोळावा हिस्सा अशी असतात. म्हणजे यंत्राजवळची नाणी पहिल्या घरापासून अधेली, पावली, चवली, आणा अशीच! एक आणा यंत्रात बिंदूनंतर तीन शून्ये आणि एक, इतक्यात पूर्णपणे लिहिला जातो. जुना पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा हिस्सा, सहा घरांत मावतो. ६४ पैशांचा आपला जुना रुपया या यंत्राला अगदी मायबोलीसारखा होता. तो आपण सोडला आणि शंभराचा रुपया घेतला, त्याच सुमारास जगभर हिशेबाची कामे संगणकांकडे जाऊ लागली होती. योगायोगाचा भाग असा की, 'फोर्ट्रान' ही शास्त्रीय गणिताची प्रसिद्ध आज्ञाभाषा गिऱ्हाइकांच्या हाती पडली तीही १९५७च्याच एप्रिलमध्ये.

या यंत्राकडे दहा पैसे मागा. त्याच्या पेटीत आणा, अर्धा आणा, पाव आणा अशी निमपटीने लहान होत जाणारी नाणी आहेत आणि प्रत्येक जातीचे एकेकच नाणे आहे. चवली साडेबारा पैशांची, ती मोठी पडते. आणा घेतला, सव्वासहा पैसे झाले. अर्धा आणा घेतला, त्याचे सव्वातीन पैशांना थोडे कमी, नेमके ३.१२५. बेरीज ९.३७५. उरले ०.६२५ पैसे. आता ही उरलेली रक्कम काय आहे? ती बरोबर दहा पैशांचा सोळावा हिस्सा आहे! म्हणजे जे कोडे आरंभी होते, तेच सोळापटीने लहान होऊन पुन्हा पुढे उभे राहिले. ते सोडवले की त्याचाही सोळावा हिस्सा उरणार. आणि असे अनंत काळ. एकास तीनाने भागताना आपल्याला ०.३३३ असे लिहीत बसावे लागते, तसाच हा प्रकार. यामागचा नियम साधा आहे. दशमान पद्धतीत तोच अपूर्णांक पुरता लिहिता येतो, ज्याच्या छेदात दोन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसतो. द्विमान पद्धतीत छेदात फक्त दोनच चालतात. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. तो पाच यंत्राच्या घशात अडकतो.

यंत्राची घरे मोजकी असल्यामुळे ही अनंत रांग कोठेतरी तोडावी लागते. आजच्या प्रचलित रीतीत, जिचे प्रमाण १९८५ साली ठरले, एका मोठ्या राशीला ५३ सार्थ द्विमान अंक मिळतात. तेवढ्यांत ०.१ लिहिला की तो अठराव्या दशांशस्थळी ५ इतका अधिक होतो. पुष्कळ भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितली, तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते, ते यामुळे. यावर कोणी म्हणेल, इतक्या सूक्ष्म फरकाने काय बिघडते? धूलिकणाएवढ्या अंतराची मोजमापे करणाऱ्या शास्त्रज्ञाचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाण्याचे. समजा, मालाची किंमत रु. ५३.५० आहे आणि त्यावर शेकडा ५ कर आहे. कर आला २ रुपये साडेसदुसष्ट पैसे. अर्ध्या पैशाचा पुरा पैसा करावा असा आपला नियम असेल, तर २.६८ व्हावयास हवेत. यंत्राला ५३.५ ला ५ने गुणून १०० ने भागावयास सांगा, २.६७५ही राशी त्याच्याजवळ किंचित कमी अशीच लिहिली जाते, म्हणून ते २.६७ म्हणेल. तेच ५३.५ ला ०.०५ ने गुणावयास सांगा. आता उत्तर किंचित अधिक येते आणि ते २.६८ म्हणेल. गणित एक, यंत्र एक, उत्तरे दोन! दोन दुकानांतील दोन यंत्रे अशी वागली, की तपासनिसाने कोणाला खोटे ठरवावे? सोळा आणे एकेक मोडण्याची आणि एकदम मोडण्याची गोष्ट येथे पुन्हा आलीच की नाही?

आणि प्रश्न नेहमी पैशाचाच असतो असेही नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरबस्तानातील धाहरान येथे 'पॅट्रियट' या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र हेरता आले नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले ते असे. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत होते. त्यांचे सेकंद करण्यासाठी त्या आकड्याला ०.१ ने गुणत. आणि तो ०.१, २४ द्विमान अंकांत बसवताना शेपूट तोडलेला होता. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू होती. तेवढ्या काळात ती कणभर चूक साचून एक-तृतीयांश सेकंद झाली. इतक्या वेळात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापीत असे. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण चुकांनाही लागू आहे.

मग दशमान यंत्रेच का करू नयेत? ती झाली होती. १९४५-४६ सालचा 'एनिअॅक' दशमान होता. १९५४ सालचे आय.बी.एम. कंपनीचे '६५०' हेही दशमान होते. परंतु तेवढ्याच सामग्रीत द्विमान यंत्र अधिक वेगाने आणि स्वस्तात चालते, म्हणून पुढे द्विमानाचाच विजय झाला. व्यापारी जगाने मात्र दशमानाचा आग्रह सोडला नाही. १९५९-६० साली व्यापारी कामासाठी 'कोबॉल' भाषा निघाली. तीत राशीची घोषणा करतानाच बिंदूच्या अलीकडे किती अंक आणि पलीकडे किती, हे लिहून द्यावे लागते. विदासंचांची जी भाषा 'एसक्यूएल', तिच्या प्रमाणातही ०.१ असा सरळ लिहिलेला आकडा अचूक राशी मानला जातो. पण विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत ज्या भाषा वाढल्या, आणि ज्यांची संतती आज सर्वत्र पसरली आहे, त्या फोर्ट्रानच्या वळणाच्या. त्यांत बिंदू असलेला आकडा दिसला की तो द्विमान समजायचा, हा शिरस्ता पडून गेला.

पुढे या भाषांत दशमान राशीची सोय मागाहून जोडण्यात आली, आणि लिखितांकाचा पेच उभा राहिला तो येथे. उदाहरणार्थ 'पायथन' भाषा घ्या. तीत २००४ साली दशमान राशीचा विभाग आला. काम उत्तम; पण लिखितांक दिला नाही. म्हणून दशमान राशी हवी असेल तर आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षरे म्हणून, लिहावा लागतो आणि त्या अक्षरांवरून राशी तयार करवून घ्यावी लागते. घाईत कोणी अवतरणचिन्हे विसरून नुसता ०.१ दिला, तर काय होते? भाषेचा दुभाषा तो आकडा प्रथम आपल्या शिरस्त्याप्रमाणे द्विमान करतो, त्याचे शेपूट तोडतो, आणि ती बिघडलेली राशी दशमान विभागाच्या स्वाधीन करतो. मग तो विभाग ती चूक पन्नासहून अधिक दशांशस्थळांपर्यंत प्रामाणिकपणे जपून ठेवतो! नासलेले दूध चांदीच्या भांड्यात ओतावे, तसे हे झाले. दशमान राशी भाषेत असणे पुरेसे नाही. ती थेट लिहिता आली पाहिजे, ते याचसाठी. चूक शिरते ती गणितात नव्हे, आकडा लिहिण्याच्या क्षणी.

लिखितांक द्यायचा ठरवला तरी मार्ग अनेक. पहिला मार्ग आकड्याला शेपटीसारखे एक अक्षर जोडण्याचा. २००२ साली बाहेर आलेल्या 'सी शार्प' भाषेत आकड्यापुढे 'एम' हे अक्षर लिहिले की तो दशमान ठरतो. 'सी' या जुन्या भाषेच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणातही दशमान राशींचे तीन प्रकार आणि त्यांची 'डीएफ', 'डीडी', 'डीएल' ही शेपटे आहेत. मात्र ते पुरवण्याची सक्ती नाही. दुसरा मार्ग धीटपणाचा. 'राकू' भाषेत नुसता ०.१ लिहिला तरी तो अंश आणि छेद अशा अचूक रूपात ठेवला जातो. द्विमान हवा असेल तर तसे निराळे लिहावे. या दुसऱ्या मार्गात सामान्य माणसाची अपेक्षा आपोआप पुरी होते. परंतु तो नव्या भाषेलाच परवडतो. ज्या भाषेत कोट्यवधी ओळी आधीच लिहिल्या गेल्या आहेत, तिने एके सकाळी ०.१ चा अर्थ बदलला, तर साऱ्या जुन्या कामांची उत्तरे बदलतील. १९५७ साली सरकारला निदान नवे नाणे पाडून त्यावर 'नवा' असे लिहिता आले. जुन्या भाषेलाही तेच करावे लागते. ते शेपटीचे अक्षर म्हणजे त्या आकड्यावर उमटवलेला 'नवा' हा शब्दच होय.

यानंतरचे प्रश्नही कमी अवघड नाहीत. दशमान आणि द्विमान राशी एकाच बेरजेत आल्या, तर उत्तर कोणत्या जातीचे? सी शार्पने अशा बेरजेला साफ नकार दिला आहे. लिहिणाऱ्याने आधी एक राशी दुसऱ्या जातीत स्वतःच्या जबाबदारीवर बदलून घ्यावी. हा कडकपणा आम्हाला योग्य वाटतो. आणे आणि नवे पैसे एकाच रकान्यात मिळवू न देणारा कारकून त्रासदायक वाटला, तरी तोच खरा हितचिंतक. दुसरा प्रश्न, १.५ आणि १.५० एकच काय? मोलाने एकच, पण पावतीवर आपल्याला १.५० हवे असते, म्हणून कित्येक दशमान पद्धती शेवटचे शून्यही सांभाळतात. तिसरा आक्षेप वेगाचा. दशमान गणित पुष्कळ यंत्रांवर अनेक आज्ञांची साखळी करून करावे लागते, म्हणून ते मंद असते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी निराळी यंत्ररचनाही आता होते, आय.बी.एम.च्या २००७ सालच्या 'पॉवर ६' या यंत्रात ती होती. २००८ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात दशमान रूपे समाविष्ट झाली, त्यांतील मोठ्या रूपात ३४ अंक मावतात.

चतुर हिशेबनीस म्हणेल, ही सारी यातायात कशाला? रुपये सोडा आणि पैसेच पूर्णांकात मोजा. पूर्णांक तर यंत्रालाही अचूक कळतात. ही युक्ती चांगली आहे आणि पुष्कळ ठिकाणी वापरलीही जाते. पण रक्कम पैशांत मोजली तरी व्याजाचा दर, कराचा दर, चलनाचा भाव हे अपूर्णांकच राहतात. शिवाय प्रत्येक नाण्याचे भाग शंभरच असतात असे नाही. आखातात नोकरीला गेलेले आपल्याकडचे लोक सांगतील की, कुवेतच्या दिनाराचे हजार फिल्स होतात. बिंदू कोठे आहे हे प्रत्येक लेखकाने आपापल्या डोक्यात ठेवायचे, तर एखाद्या दिवशी कोणीतरी विसरणारच. जे भाषेने सांभाळावे ते माणसाच्या स्मरणावर टाकू नये.

त्याचबरोबर दशमान म्हणजे काही रामबाण उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शंभर रुपये तिघा भावांत वाटायचे, तर दशमानातही एक पैसा उरतोच. तो कोणी घ्यायचा हे भाषेचे काम नव्हे. ते नियमाचे, करारनाम्याचे आणि समजूतदारपणाचे काम आहे. दशमान लिखितांकाचे श्रेय एवढेच की, जेथे माणसाला पुरता आकडा लिहिता येतो, तेथे यंत्राने तो अपुरा करू नये. आपण कागदावर ०.१ लिहिले, तर यंत्राने ०.१च वाचावे. जे काय पूर्ण करायचे, सोडायचे, वरचे धरायचे, ते आपल्या डोळ्यांसमोर आणि आपल्या नियमाने व्हावे. आत कोठे अंधारात होऊ नये.

नाणी आज पुन्हा दुर्मिळ झाली आहेत. ५० पैशांहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तथापि पैसा गेला असे मात्र कोणी समजू नये. तो खिशातून निघून हिशेबात जाऊन बसला आहे, आणि तेथे तो पूर्वीपेक्षा अधिक वेळा, लक्षावधी खात्यांत, रोज मोजला जातो. एका पैशाची चूक एका पावतीत हास्यास्पद आहे. लक्षावधी पावत्यांत ती हास्यास्पद राहत नाही. म्हणून गावातल्या पतपेढीने, दुकानदाराने, गृहसंस्थेच्या चिटणिसाने हिशेबाचे नवे यंत्रसाधन घेताना ते किती झटपट चालते एवढेच विचारू नये. आमचे दहा पैसे त्यात दहा पैसे म्हणूनच लिहिले जातात काय, आणि अर्धा पैसा कोणत्या नियमाने मोडला जातो, हे दोन प्रश्नही विचारावेत. ते विचारण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही. पै-पैचा हिशेब ठेवण्याची आपली जुनी सवय तेवढी जागी असावी लागते.